शेवटचं कडवं कापू नका

आपल्या समीक्षेला डोळे आहेत, कान नाहीत. छापलेली कविता दिसली की ती चष्मा पुसून बसते. तीच कविता पेटी-ढोलकीवर वस्तीत गायली गेली की 'प्रचारगीत' म्हणून मोकळी होते. प्रस्थापितांचं सोडा, आपले पोट्टेही तेच करतात. ढसाळांच्या कवितेवर तासभर बोलतील. वामनदादांच्या गाण्याची बांधणी कशी असते विचारलं तर गप्प!

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. तिथल्या काळ्या कवींची भाषांतरं आपण वाचली. पण त्या कवितेच्या घरातलं जुनं गाणं, ब्लूज, आपण ऐकलं नाही. ब्लूज हे कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. कापूस आपल्यालाही परका नाही. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या कापसावर पडली. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आपल्या वस्त्यांतली माणसं भोंग्यावर जगू लागली.

१० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायलं. रेकॉर्ड धडाक्यात खपली. काळा माणूसही पैसे मोजून रेकॉर्ड घेतो, हे कंपन्यांना कळलं. मग त्यांनी 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून वेगळी यादीच काढली. म्हणजे गाण्याचाही पाणवठा वेगळा! पॅरामाउंट ही रेकॉर्ड कंपनी तर मुळात एका खुर्च्यांच्या कारखान्याची. ब्लूजच्या मोठमोठ्या गायकांचा आवाज अशा दुकानदारीतून आपल्यापर्यंत आला आहे.

आता हिशेब पाहा. १९२३ साली कोलंबियाने बेसी स्मिथच्या आवाजात 'डाउनहार्टेड ब्लूज' काढलं. गाणं अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोघींचं. हक्काचा व्यवहार मधल्या माणसाने परस्पर केला, हंटरच्या हाती चिल्लर आली. बेसीला गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळे, खपात वाटा नाही. ती १९३७ साली गेली; तिच्या कबरीवर नावाचा दगड लागायला १९७० उजाडलं. आर्थर क्रुडपने १९४६ साली गायलेलं गाणं १९५४ मध्ये गोऱ्या एल्विस प्रेस्लीने गायलं आणि तिथून त्याचं नाव झालं. क्रुडप १९७४ साली वारला, हक्काचे पुरते पैसे न पाहता.

मग आपल्या भीमगीतांचं काय? इथेही तबकडी आली, कॅसेट आली. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर अशोक विजयादशमीला कॅसेटचे ढीग लागले, पुढे सीडीचे लागले. वर गायकाचा फोटो, कंपनीचं नाव ठळक. लिहिणारा कुठे?

लिहिणारा गाण्याच्या आत बसलेला आहे. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकलेला हा माणूस १९४३ पासून गाणी लिहू लागला. त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. अभ्यासक म्हणतील, ही जुनी नाममुद्रा. चोखोबांनी घातली, तुकोबांनी घातली, शाहिरांनी घातली. खरं आहे. पण मी म्हणतो, भूमिहीन माणसाच्या हातात ती सातबारा झाली. कव्हर फाटेल, कंपनी बुडेल, गायक बदलेल. गाणं पुरतं गायलं तर नाव उच्चारावंच लागेल. अल्बर्टा हंटरजवळ हा सातबारा नव्हता.

यात दुसरीही एक गोष्ट आहे. ब्लूज 'मी'चं गाणं आहे: माझी भूक, माझी सोडून गेलेली बाई, माझी उद्याची गाडी. भीमगीत बहुतेक 'आम्ही'चं आणि बाबासाहेबांचं. म्हणून समीक्षक नाक मुरडतात की तेच ते, यात कवी कुठे आहे? अरे, शेवटचं कडवं ऐका! अख्खं गाणं बापाचं गाऊन झाल्यावर तिथे एक माणूस स्वतःच्या नावानिशी उभा राहतो. कधी कबुली देतो, कधी समाजाला बोल लावतो. भीमगीतातला 'मी' तिथे राहतो.

आणि आज नेमकं तेच कापलं जातं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून गाणं आखूड व्हायचं. आता मोबाइलमध्ये जागाच जागा आहे, तरी अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर मुखडा घुमतो, अंगात येतं, नि पुढचं गाणं लागतं. शेवटचं कडवं कुणाच्या कानावर येत नाही. कंपनीने जे केलं ते आपण फुकटात करतो आहोत.

शिवाय छाप फक्त शब्दवाल्याला वाचवते. जात्यावर भीमाच्या ओव्या रचणाऱ्या बाईला छाप नव्हती. ढोलकीवाल्याला, कोरसमधल्या बायकांना, टाळी देणाऱ्यांना नाही. नागोराव पाटणकरांचं नाव नागपुरात कव्वालीच्या शौकिनाला सांगावं लागत नाही. त्यांच्या मागे बसणाऱ्यांची नावं किती जण सांगतील?

तेव्हा मित्रांनो, समीक्षा लिहायची तर आधी पायी फिरा. इंदोऱ्यात, पाचपावलीत, जिथे म्हातारे वाजवणारे अजून आहेत तिथे बसा, नावं लिहून घ्या. घरातल्या कॅसेट भंगारात घालू नका. स्टेजवरून गायकाच्या आधी ढोलकीवाल्याचं नाव पुकारा. आणि गाणं लावलं तर शेवटपर्यंत लावा. बेसीच्या दगडाला तेहतीस वर्षं लागली. आपल्या माणसांचा दगड त्यांनी स्वतःच गाण्यात बसवून ठेवला आहे, तो आपल्या हाताने उपटू नका.

जयभीम.