‘प्रोटोकॉल्स’ : एका बनावट संहितेची चिकित्सा आणि त्या चिकित्सेची मर्यादा

एखादी संहिता बनावट आहे असे सप्रमाण सिद्ध झाले म्हणजे पाठचिकित्सकाचे कार्य संपले, असे आपण सामान्यतः मानतो. आधुनिक ज्यूद्वेषाच्या इतिहासात मात्र एका संहितेने ही समजूत खोटी ठरविली आहे. ती म्हणजे ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’. ज्यू धुरीणांनी जग पादाक्रांत करण्यासाठी गुप्तपणे आखलेल्या योजनेची ही टिपणे होत, असा तिचा दावा आहे. तो १९२१ सालीच निराधार ठरला. तरीही संहितेचा प्रसार थांबला नाही. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मध्ययुगीन युरोपात ज्यूंवर येणारे आळ मुख्यतः धर्माशी निगडित होते. ख्रिस्ती बालकांची हत्या आणि विहिरींत विष कालविणे हे त्यांतील प्रमुख. धर्मांतर केल्यास निदान तत्त्वतः त्यांतून सुटका होती. एकोणिसाव्या शतकात द्वेषाने वंशाचा आधार घेतला. विल्हेल्म मार याने १८७९ साली जर्मनीत ‘अँटिसेमिटिझम’ ही संज्ञा राजकीय घोषणेप्रमाणे रूढ केली, ती याच बदलाची खूण होय. वंश बदलता येत नसल्याने सुटकेचा मार्गही उरला नाही. आता आरोप असे झाले : ज्यू सावकारी भांडवलाचे स्वामी आहेत, आणि तेच क्रांतीचेही सूत्रधार आहेत, ते स्वतःस अलग ठेवतात, आणि तेच सर्वत्र शिरकाव करतात. हे आरोप परस्परांना छेद देतात. त्यांना एका सूत्रात ओवील अशा कथेची उणीव होती; ती ‘प्रोटोकॉल्स’ने भरून काढली.

ही संहिता प्रथम १९०३ साली सेंट पीटर्सबर्ग येथील ‘झ्नाम्या’ या पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. पत्राचा संपादक पावेल क्रुशेवान. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये किशिनेव येथे ज्यूंची जी कत्तल झाली, तिला त्याच्याच दुसऱ्या वृत्तपत्राने चिथावणी दिली होती. १९०५ साली सेर्गेई निलुस याने ही संहिता आपल्या धार्मिक ग्रंथास जोडली. १९१७ च्या क्रांतीनंतर देशोधडीस लागलेल्या झारपक्षीयांनी ती पश्चिमेकडे नेली. १९२० साली लंडनच्या ‘टाइम्स’ने तिच्या खरेपणाची शक्यता गंभीरपणे चर्चिली. पुढील वर्षी त्याच पत्राचे कॉन्स्टँटिनोपल येथील वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज यांनी तिचे मूळ उघडकीस आणले.

ते मूळ म्हणजे मॉरिस जोली या फ्रेंच वकिलाने १८६४ साली निनावी प्रसिद्ध केलेला, मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांचा नरकातील संवाद. त्याचा रोख तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर होता आणि त्यापायी जोलीस कारावास भोगावा लागला. ज्यूंच्या कटाचा त्यात मागमूसही नाही. नॉर्मन कोन यांनी १९६७ सालच्या आपल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे १६० हून अधिक उतारे, म्हणजे संहितेचा सुमारे दोन-पंचमांश भाग, जोलीवरून उचललेला आहे.

यातील एक स्थळ भारतीय वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. जोलीचा मॅकियाव्हेली आपल्या ताब्यातील वृत्तपत्रांना शंभर हातांच्या विष्णूची उपमा देतो. ‘प्रोटोकॉल्स’मधील ज्यू धुरीणही नेमकी हीच उपमा योजतो. आपला विष्णू चतुर्भुज, फार तर विश्वरूपात सहस्रबाहू. शतबाहू विष्णू ही युरोपीय अर्धवट माहितीची निर्मिती होय. दोन प्रतींत समान असलेला योग्य पाठ फारसे काही सिद्ध करीत नाही, परंतु समान प्रमाद त्यांचा संबंध सिद्ध करतो, हा पाठचिकित्सेचा नियम येथे हुबेहूब लागू पडतो.

तथापि, ही केवळ उसनवारी नव्हे. जोलीची कृती संवादरूप आहे. मॅकियाव्हेलीच्या प्रत्येक युक्तीस माँतेस्क्यूचा आक्षेप आहे. बनावटकाराने संवाद मोडून त्याचे एकमुखी भाषण केले. आक्षेप घेणारा गेला, उपरोध गेला, आणि हुकूमशाहीवरील आरोपपत्र एका जमातीचा कबुलीजबाब म्हणून पुढे आले. पूर्वपक्ष ठेवून उत्तरपक्ष पुसून टाकावा, तसा हा प्रकार आहे.

मग सत्य उघड झाल्यावरही ही संहिता का टिकली? हेन्री फोर्ड यांच्या पत्राने अमेरिकेत तिचा प्रचार १९२० पासून केला. फोर्ड यांनी १९२७ साली जाहीर माफी मागितली, परंतु छापलेले परत घेता आले नाही. बर्न येथील न्यायालयाने १९३५ साली ती बनावट ठरविली. १९३७ साली वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा रद्द केली, ती संबंधित कायदा अशा लिखाणास लागू होत नाही या कारणास्तव. हिटलरने तर आत्मचरित्रात असा युक्तिवाद केला, की एक उदारमतवादी वृत्तपत्र तिला खोटी म्हणते हाच तिच्या खरेपणाचा उत्तम पुरावा. १९८८ सालच्या हमासच्या सनदेतही तिचा आधार घेतलेला आढळतो. एखाद्या राज्याच्या धोरणावर टीका करणे वेगळे, आणि एका समाजावर अशा कटाचा आळ घेणे वेगळे. हा विवेक अभ्यासकाने सोडता कामा नये.

हिटलरच्या युक्तिवादातच उत्तराची किल्ली आहे. अदृश्य हाताची कथा एकदा स्वीकारली, की विसंगती ही चातुर्याची खूण ठरते आणि खंडन हा कटाचाच भाग ठरतो. भांडवलदार ज्यू आणि क्रांतिकारक ज्यू एकमेकांना खोडून काढीत नाहीत. दोघेही एकाच गुप्त मंडळाची प्यादी ठरतात. पुराव्याने अशा कथेस बाध येत नाही, कारण ती पुराव्यावर उभीच नसते. प्रत्यक्ष ज्यूंचीही तिला गरज नसते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे कोकणातील बेने इस्रायल आपल्या परिचयाचे आहेत. ‘प्रोटोकॉल्स’मधील ज्यूशी त्यांचा संबंध काय? आणि किशिनेवमध्ये मारल्या गेलेल्या सामान्य ज्यूंचा तरी कोणता होता?

म्हणून संहितेचा कर्ता कोण आणि मूळ कोणते, एवढे प्रश्न पुरेसे नाहीत. ती वाचणारास कोणते समाधान देते, हाही चिकित्सेचाच प्रश्न आहे. ग्रेव्ह्ज यांचे काम अपुरे होते असे नव्हे. ते आवश्यक होते आणि आजही आहे. परंतु खोटे सिद्ध होणे आणि खोटे निष्प्रभ होणे यांत अंतर असते. त्या अंतरात लक्षावधी माणसांचा बळी गेला, याचे भान साहित्याच्या अभ्यासकाने ठेवले पाहिजे.