एका डाकूचे दोन शेवट

सोलापूरच्या माणसाला ‘शोले’विषयी काही सांगायला जाणे म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला नेण्यासारखे आहे. पोलिडोर कंपनीने या चित्रपटातील नुसत्या संवादांच्या तबकड्या काढल्या होत्या. त्या कर्ण्यावरून इतक्या वेळा ऐकायला मिळाल्या की, शाळेतली कविता विसरलेल्या मुलांनाही गब्बरसिंगाचे भाषण श्वासाच्या जागांसकट पाठ असे. वाचकांपैकी पुष्कळांनी हा चित्रपट पाच-सात वेळा तरी पाहिला असेल. परंतु त्यांनी जो पाहिला तो दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी आधी बेतलेला नव्हे. मूळ शेवटासह नीट केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील बोलोन्या शहरी दाखवली गेली आणि १२ डिसेंबर २०२५ रोजी आपल्याकडील चित्रपटगृहांत आली. तेव्हा आता दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवून बोलता येते.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. भपका बाजूला केला तर ‘शोले’ची हाडे स्वस्तातल्या स्टंटपटाचीच आहेत. घोडे, गाडीवरची मारामारी, नाचायला लावलेली नायिका आणि सूड! १९३५ च्या ‘हंटरवाली’पासून पिटातल्या प्रेक्षकाला हाच शिधा वाढला जात होता. सलीम-जावेद यांनी तो चांदीच्या ताटात वाढला, एवढेच. पुढे नकलाकारांनी ताट काढून घेऊन शिधा तेवढा उचलला. ‘रामगढ के शोले’ (१९९१) काय किंवा ‘डुप्लिकेट शोले’ (२००२) काय, त्यांच्याविषयी जास्त लिहिण्याची गरज नाही. पण मूळ चित्रपट आणि हे गल्लाभरू अवतार यांत फरक कुठे पडतो, हे पाहायचे तर शेवटाकडेच जावे लागते.

आपल्याला ठाऊक असलेला शेवट असा: जयने दिलेल्या शब्दाखातर वीरू गब्बरला ठाकुराच्या हवाली करतो. हात नसलेला ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी त्याचे हात चिरडतो. आता प्राण घेणार, एवढ्यात पोलीस येतात आणि ठाकुराला कायद्याची आठवण करून देतात. मूळ शेवटात पोलीस येतच नाहीत. ठाकूर गब्बरला लाथेने दगडी खांबाकडे ढकलतो, खांबातला खिळा त्याच्या शरीरात घुसतो आणि तो मरतो. आणि मग ठाकूर ढसढसा रडतो.

माझ्या मते सगळा चित्रपट त्या रडण्यासाठी रचलेला आहे. अडीच-तीन तास हा माणूस शालीखाली ताठ उभा असतो. घरातली माणसे मारली गेली तरी तो आपल्यासमोर कोसळत नाही. ज्या एका हेतूवर तो जगला तो पुरा झाला आणि हाती काहीच उरले नाही (हातही नाहीत!), हे त्याला त्या क्षणी कळते. सेन्सॉरने खून काढला, त्याबरोबर हा पश्चात्तापाहूनही खोल असा रितेपणा काढून टाकला. हिंसा कमी करण्याच्या सद्हेतूने त्यांनी हिंसेची किंमत दाखवणारा एकमेव प्रवेश पुसला. उरले ते काय? मनसोक्त चिरडून झाल्यावर वेळेवर आलेले पोलीस. स्टंटपटात पोलीस नेहमी असेच येतात.

काळही पाहिला पाहिजे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि १५ ऑगस्टला चित्रपट लागला, म्हणजे मध्ये पुरते दोन महिनेही गेले नव्हते. निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हाती घेतो, हे त्या दिवसांत चालणार नव्हते. घाईघाईने नवा शेवट चित्रित करावा लागला. ज्या राजवटीने हजारो माणसांना चौकशीवाचून तुरुंगात ठेवले, तिने एका काल्पनिक ठाकुराला न्यायालयाचे महत्त्व शिकवावे, याला काय म्हणावे?

इथे सोलापूरकर म्हणून मला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या गावात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, पुढे त्यांना तारेच्या कुंपणाआड बसवले, हजेरी लावली. इथल्या कुंपणातली माणसे गिरण्यांत राबली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण लोकांच्या नजरेतला इतक्या लवकर जात नाही. ‘गंगा जमना’ (१९६१) किंवा ‘मुझे जीने दो’ (१९६३) या चित्रपटांनी डाकूला निदान घर, आई, काही कारण दिले होते. गब्बरला काहीच नाही. तो जणू दरोडेखोर म्हणूनच उपजला. अमजद खान यांच्या अभिनयाची मोहिनी इतकी की, हा प्रश्न पाहताना सुचत नाही. नंतर मात्र सुचतो. कायदा त्याला योग्य ती शिक्षा देईल, हे वाक्य कुंपण पाहिलेल्या गावात ऐकले की तितकेसे निर्मळ वाटत नाही. मूळ शेवट या बाबतीत काही अधिक न्यायी आहे असे नव्हे. पण तो न्यायाचा आव तरी आणत नाही.

मात्र कात्री लागली म्हणजे बिघडलेच, असेही समजू नये. संकलक मा. स. शिंदे यांच्यापुढे सुमारे तीन लाख फूट फिल्म होती असे सांगतात. त्यातून त्यांनी वीस हजार फुटांचा चित्रपट काढला, आणि ‘शोले’ला तेव्हा मिळालेले एकुलते एक फिल्मफेअर पारितोषिक त्यांचेच. आपल्या सचिनने केलेला अहमद आठवा. गब्बर त्याला कसा मारतो याचे चित्रण झाले होते. पण प्रदर्शित चित्रपटात गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावरून प्रेत गावात येते. मुंगीएवढ्या जागेत एका पोराचा मृत्यू बसवला आहे! ठाकुराचे हात तोडले जातात तेव्हाही तलवारी वर जातात, आणि नंतर दिसतो तो थेट शाल गळून पडलेला आजचा ठाकूर. हे गाळणे कथेच्या पोटातून आले, ते सरकारी भीतीतून आले नाही. म्हणून ते शोभते.

तिसरी एक कात्री चित्रपटगृहातली. रात्रीचा शेवटचा खेळ लांबू नये म्हणून मोफस्सल गावांत एखादे गाणे बिनदिक्कत गाळले जाई. मी लहानपणी एकदा होळीच्या गाण्यावाचूनचा ‘शोले’ पाहिला आहे. पिटातून शिट्ट्या झाल्या, कुणीतरी तिकिटाचे पैसे परत मागितले, आणि तेवढ्यात गब्बरची टोळी गावात शिरल्यामुळे सगळे गप्प बसले.

नव्या प्रतीत ठाकुराच्या रडण्यानंतर वीरू रामगढ सोडतो, आगगाडीत चढतो आणि डब्यात बसंती बसलेली असते. हे दृश्य जुन्या प्रतीतही होते. तेव्हा ते नुसते गोड वाटे. आता मात्र गाडी हलली तरी माझे लक्ष मागे राहिलेल्या वाड्याकडेच होते, जिथे राधा आणि तिचा सासरा, दोघेच उरले आहेत.