'आमचे संबंध' : अंदमानविषयक लेखन आणि हस्तक्षेपाचा प्रश्न

एकाकी आदिम समूहांच्या जीवनात आधुनिक समाजाने हस्तक्षेप करावा काय, हा प्रश्न सामान्यतः शासकीय धोरणाचा किंवा मानववंशशास्त्राचा मानला जातो. वस्तुतः तो लेखनाचाही प्रश्न आहे. ज्या समूहांविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांची स्वतःची संहिता उपलब्ध नसते. आधार असतो तो इतरांनी केलेल्या वर्णनांचा. अंदमानविषयक लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

ब्रिटिश अधिकारी मॉरिस व्हिडाल पोर्टमन यांचा 'अ हिस्टरी ऑफ अवर रिलेशन्स विथ दि अंदमानीज' हा ग्रंथ 1899 मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातील 'आमचे' हे सर्वनाम सूचक आहे. संबंध दोन पक्षांचा, पण त्याची मांडणी एकाची. 1880 मध्ये पोर्टमन यांनी उत्तर सेंटिनल बेटावरून एक वृद्ध जोडपे व चार मुले पोर्ट ब्लेअरला नेली. सर्व आजारी पडली, जोडपे दगावले आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. या प्रयोगाने बेटवासीयांचे भय आणि वैरच वाढले, अशी कबुली पोर्टमन स्वतः देतात. तथापि या कबुलीतही केंद्रस्थानी राहतो तो प्रयोगकर्ता. परतलेल्या मुलांनी बेटावर काय सांगितले असेल, हा प्रश्न त्या कथनात उद्भवतच नाही.

भारतीय विचारविश्वात हा वाद व्हेरियर एल्विन आणि गो. स. घुर्ये यांच्या नावांशी जोडलेला आहे. एल्विन यांनी 'द बैगा' (1939) या ग्रंथात संरक्षित क्षेत्राची कल्पना मांडली; घुर्ये यांनी 1943 च्या ग्रंथात आदिवासींना 'तथाकथित' मूलनिवासी म्हणून हिंदू समाजाशी त्यांच्या असलेल्या दीर्घ संबंधांवर भर दिला. घुर्ये यांचा युक्तिवाद मुख्यतः शतकानुशतकांच्या सहवासावर उभा आहे. असा सहवासच जिथे नाही, त्या सेंटिनलला तो लावता येत नाही. एल्विन यांची भूमिकाही ते ज्यांच्यात राहिले आणि ज्यांच्याशी बोलू शकले, त्या समूहांविषयीची आहे. म्हणजे या वादातील दोन्ही पक्ष संवादाची शक्यता गृहीत धरतात. सेंटिनली भाषेचा उलगडा मात्र आजवर झालेला नाही.

संपर्काचा परिणाम महाअंदमानी समूहांच्या इतिहासात दिसतो. 1858 मध्ये दंडवसाहत वसली तेव्हा काही हजारांत असलेली त्यांची संख्या 1901 च्या जनगणनेत 625 आणि 1961 मध्ये 19 इतकी उरली. गोवर, उपदंश यांसारख्या रोगांचा यात मोठा वाटा होता. बो भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनिअर 2010 मध्ये निवर्तल्या. अन्विता अब्बी यांनी संकलित केलेल्या महाअंदमानी कथा व गीतांचा संग्रह 2021 मध्ये प्रकाशित झाला. तौलनिक अभ्यासकाला ही संपदा मोलाची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती त्याच्या हाती आली ती भाषा मावळत असताना. ज्या संपर्काने हे साहित्य वाचनीय केले, त्यानेच ते सांगणारा समाज संपवत आणला. संग्राहकाला याचा दोष देता येणार नाही. वाचकाने मात्र हा संबंध विसरता कामा नये.

यावरून सरसकट अलिप्ततेचा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. जारवांच्या अरण्यातून रस्ता गेला, 1997 पासून ते स्वतःहून वस्त्यांकडे येऊ लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. तेथे उपचार नाकारणे म्हणजे आधीच्या हस्तक्षेपाची जबाबदारी झटकणे होय. जारवांशी बोलता येते. म्हणून त्यांचे म्हणणे निर्णायक असले पाहिजे. सेंटिनलबाबत दुरून राखण हाच आजचा मार्ग आहे. तोही शासनाच्या गस्तीवर अवलंबून असल्याने हस्तक्षेपाचाच एक संयत प्रकार ठरतो.

2004 च्या त्सुनामीनंतर पाहणीस आलेल्या हेलिकॉप्टरवर बाण रोखणाऱ्या सेंटिनली पुरुषाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याला 'आदिम रानटीपणा' किंवा 'निसर्गाची निरागसता' म्हणणे, दोन्ही वाचने पोर्टमन यांच्या सर्वनामातच अडकलेली आहेत. 1880 लक्षात ठेवले तर तो बाण प्रदीर्घ अनुभवातून आलेले उत्तरही असू शकतो. भाषांतरावर उभ्या असलेल्या तौलनिक साहित्याभ्यासाला येथे आपली मर्यादा ओळखावी लागते : काही नकार भाषांतराविना समजतात आणि ते पाळण्यासाठी त्यांचे भाषांतर होण्याची वाट पाहावी लागत नाही.