‘दुसरा मेंदू’ आणि पहिला संस्कार

आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. सुरुवातीलाच कबूल करतो, हे पुस्तक मी गरजेपोटी वाचलं. पंचाहत्तरी जवळ आली की नावं निसटायला लागतात. वाचलेलं आठवतं, कुठे वाचलं ते आठवत नाही. माझ्या फोनमध्ये शेकडो स्क्रीनशॉट आहेत, व्हॉट्सॲपवर मी स्वतःलाच पाठवलेल्या लिंक आहेत आणि माळ्यावरच्या ट्रंकेत पीएच.डी.च्या काळातली कार्डं आहेत. हे सगळं पाहून एका जुन्या विद्यार्थ्यानं सुचवलं, ‘सर, तुम्हाला सेकंड ब्रेनची गरज आहे.’ पहिल्याचं काय चाललंय हे त्यानं विचारलं नाही, एवढी त्याची सभ्यता!

तर टियागो फोर्टे यांचं ‘बिल्डिंग अ सेकंड ब्रेन’ हे ते पुस्तक. २०२२ साली आलं. म्हणणं थोडक्यात असं : वाचता-ऐकताना जे भावेल ते डोक्याबाहेर, डिजिटल जागी ठेवा. पायऱ्या चार. टिपा, लावून ठेवा, सार काढा, मांडा. लावायचे कप्पेही चार. चालू कामं, कायमच्या जबाबदाऱ्या, पुढे उपयोगी पडेल अशी सामग्री, आणि संपलेल्या गोष्टींचं दप्तर.

आधी श्रेय देऊ. विषयवार फोल्डर करण्याचा आपला हट्ट फोर्टे मोडून काढतात. टीप कुठल्या विषयाची आहे हे नंतर बघा, ती कुठे वापरणार ते आधी विचारा, असं ते सांगतात. हे बरोबर आहे. मिसळणाचा डबा आपण गॅसजवळ ठेवतो. हळद मुळाची आणि जिरं बियांचं म्हणून दोन वेगळी कपाटं करत नाही. वीजबिल, प्रवासाची तिकिटं, डॉक्टरांचे कागद, यांच्यासाठी ही पद्धत मी आजही वापरतो.

माझा आक्षेप ‘मेंदू’ या शब्दाला आहे. तुम्ही म्हणाल, नावच आहे, सोडा की. पण या नावात एक सिद्धान्त दडलेला आहे. तो असा, की साठवणं म्हणजेच लक्षात ठेवणं.

आपल्याकडे न्यायशास्त्राचा अभ्यास ज्या पोथीपासून सुरू होतो त्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, स्मृती आणि अनुभव. स्मृती उपजते ती केवळ संस्कारातून, आणि संस्कार उमटतो अनुभवातून. म्हणजे साखळी बघा : अनुभव, संस्कार, स्मृती. मधली कडी काढली तर शेवटची उरत नाही. आता मी एक लेख अर्धवट पाहिला, ‘सेव्ह’ दाबलं आणि पुढे गेलो. लेख साठला. संस्कार कुठे झाला?

कुणी म्हणेल, सर्च आहे ना! आहे. पण शोधायला शब्द कुठून आणणार? आपल्याकडे अमुक काहीतरी आहे, एवढं तरी आठवावं लागतं. आठवणीचा धागाच नसेल तर शोधायचं मनातच येत नाही. सर्च स्मृतीला मदत करतो, तिची जागा घेत नाही.

इथे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातून कुणी मला अडवेल, आणि अडवावंच. १९९८ साली अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी एक निबंध लिहिला, ‘द एक्स्टेंडेड माइंड’. त्यात ऑटो नावाचा एक काल्पनिक गृहस्थ आहे. त्याला अल्झायमर आहे. संग्रहालयाचा पत्ता तो वहीत लिहून ठेवतो आणि वही बघून तिथे पोचतो. लेखकद्वयाचा दावा असा, की ही वही ऑटोच्या मनाचाच भाग आहे. मग फोर्टे यांचा दुसरा मेंदू का नको?

हा युक्तिवाद मला या वयात फार जवळचा वाटतो. पण त्याच्या अटी वाचा. वही सतत जवळ हवी, चटकन उघडता यायला हवी, तिच्यावर सहज विश्वास हवा. आणि चौथी : त्यातली गोष्ट कधीतरी ऑटोनं स्वतः, जाणीवपूर्वक मान्य केलेली असावी आणि म्हणूनच ती वहीत आलेली असावी. ही चौथी अट आवश्यकच आहे का, याबद्दल लेखक स्वतः थोडे साशंक आहेत. मला मात्र सगळा जीव तिच्यातच दिसतो. ऑटोनं पत्ता खरा मानला आणि मग लिहिला. माझ्या स्क्रीनशॉटांपैकी किती मी मान्य केले आहेत? बहुतेक नुसते गोळा केलेत.

फोर्टे यांना याची जाण नाही असं नाही. म्हणून तर ते सार काढायला सांगतात. पण कसं? आधी उतारा जसाच्या तसा घ्यायचा. मग त्यातला महत्त्वाचा भाग ठळक करायचा. मग ठळकातला निवडक हायलाइट करायचा. आणि शेवटच्या थराला, तेही मोजक्याच टिपांबाबत, स्वतःच्या शब्दांत सारांश. स्वतःचे शब्द सर्वांत शेवटी! माझ्या मते उलटं हवं. ठळक करताना मी लेखकाच्या वाक्यांमधून निवड करतो, त्याच्याशी वाद घालत नाही.

टिपणांच्या चर्चेत हल्ली निक्लास लूमान यांचं नाव येतंच. बीलेफेल्ड विद्यापीठातले जर्मन समाजशास्त्रज्ञ. त्यांच्या पेट्यांमध्ये सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. लोक तो आकडा ऐकतात आणि ॲप डाउनलोड करतात. पण लूमान वाचलेलं स्वतःच्या शब्दांत लिहीत आणि प्रत्येक नवी चिठ्ठी कुठल्या जुन्या चिठ्ठीच्या मागे ठेवायची हे ठरवत. ते ठरवायला जुनं पुन्हा वाचावं लागे. वेळ तिथे जात होता, आणि विचारही तिथेच होत होता. साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात रुजू होताना त्यांनी आपला प्रकल्प सांगितला : समाजाचा सिद्धान्त, मुदत ३० वर्षं, खर्च शून्य. त्या सिद्धान्ताचा समारोप करणारा ग्रंथ आला १९९७ साली. याला प्रॉडक्टिव्हिटी म्हणायचं असेल तर जरूर म्हणा.

आणि दूर कशाला, पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. सुमारे १,५०० ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे कपाटांत आहेत. पहिला खंड निघायला १९७६ उजाडलं. चिठ्ठ्या जमवल्या म्हणजे कोश झाला, असं होत नाही. एका शब्दाच्या चिठ्ठ्या समोर घेऊन कुणीतरी बसतो, कुठला अर्थ आधीचा, कुठला नंतरचा, हा प्रयोग वेगळा का, हे ठरवतो, तेव्हा कोशातली एक नोंद तयार होते. ते बसणं दुसऱ्या कुणाला सोपवता येत नाही.

शेवटी माझ्या ट्रंकेबद्दल. मागच्या वर्षी ती कार्डं स्कॅन करायला घेतली. एका कार्डावर उतारा होता आणि खाली माझ्याच तरुण अक्षरात लिहिलेलं, ‘हे पटत नाही. का, ते सांगता येत नाही.’ मी स्कॅनर बंद केला आणि दुपारभर त्या ‘का’वर विचार करत बसलो. उताऱ्याचा लेखक मला आठवत नव्हता. ती अडचण मात्र लख्ख आठवली. पंचेचाळीस-एक वर्षं ती माझ्यात होती.

म्हणून आता एकच नियम पाळतो. काहीही साठवायच्या आधी त्याखाली स्वतःचं एक वाक्य लिहायचं : मला हे का हवंय, किंवा का पटत नाही. वाक्य सुचलं नाही तर साठवायचं नाही. साठवण खूप कमी झाली आहे. विसरतो अजूनही, पण काय विसरलो ते आता निदान कळतं.

थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.