संख्येचे नाव आणि संख्येचे वाचन : दुसरीच्या सुधारित गणित-पुस्तकासंबंधी

गणित व विज्ञान ह्या विषयांवरील नव्या अथवा सुधारित ग्रंथांचा परामर्श घेताना समीक्षकाची दृष्टी बहुधा वरच्या इयत्तांच्या ग्रंथांवरच खिळते. प्राथमिक शाळेचे पुस्तक परीक्षणास योग्य असे आपण मानीत नाही. वास्तविक ज्या पुस्तकावाचून एका संपूर्ण पिढीला गत्यंतर नसते, त्याचीच चिकित्सा अधिक कसोशीने व्हावयास हवी. ‘बालभारती’ने सन २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले इयत्ता दुसरीचे गणिताचे पुस्तक ह्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. त्यात एकवीस ते नव्व्याण्णव ह्या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’, ‘नव्वद आठ’ अशा पद्धतीने देण्यात आले व रूढ नावेही सोबत ठेवण्यात आली. त्या वर्षीच्या जून महिन्यात ह्यावर मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांत पत्रे आली आणि विधानसभेत आडनावांवरून कोट्याही झाल्या. तो गलबला आता शमला आहे. परंतु त्यातील भाषाशास्त्रीय प्रश्न जसाच्या तसा उरला आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

प्रथम सुधारणाकर्त्यांची बाजू न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (निधन २०२३) ह्या स्वतः गणितज्ञ होत्या आणि मराठीत गणित सुबोध करून सांगण्याचे कार्य त्यांनी निष्ठेने केले होते. मराठीद्वेषाचा आरोप त्यांच्यावर करणे हा निव्वळ अन्याय होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ‘त्रेपन्न’ उच्चारताना तीन आधी येतो, लिहिताना मात्र पाच आधी लिहावा लागतो. मराठी संख्यानामांत जोडाक्षरे फार आहेत व त्यांमुळे मुले बिचकतात. इंग्रजीत व दक्षिणेकडील भाषांत दशक आधी बोलले जाते आणि तेथील मुलांना ही अडचण पडत नाही.

ह्यांपैकी पहिला मुद्दा निर्विवाद आहे. जर्मन भाषेतही एकक आधी व दशक नंतर असा क्रम आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांना संख्या ऐकवून लिहावयास लावल्या असता त्यांच्या चुकांपैकी सुमारे निम्म्या ह्या उलट्या क्रमाशी निगडित होत्या, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारे मूल मंद नसते. ते कानाशी प्रामाणिक असते. मराठीत तर ही विसंगती शेवटच्या दोन अंकांपुरतीच आहे. ३५३ म्हणताना आपण ‘तीनशे’ आधी म्हणतो आणि ‘त्रेपन्न’पाशी येऊन दिशा बदलतो.

दुसरा मुद्दा मात्र तपासणीत टिकत नाही. जोडाक्षर ही लेखनातील अडचण आहे, उच्चारातील नव्हे. ‘त्र्याण्णव’ हा शब्द सात वर्षांचे मूल ऐकते व बोलते. अंकगणितासाठी त्याला तो अक्षरांत लिहावा लागत नाही, ९३ असा अंकांत लिहावा लागतो. शिवाय, ज्या शब्दांत जोडाक्षरांची दाटी सर्वांत अधिक आहे, तेच शब्द रचनेच्या दृष्टीने सर्वांत नियमित आहेत, ही गोष्ट ह्या वादात लक्षात घेतली गेली नाही. एक्क्याऐंशी–एक्क्याण्णव, ब्याऐंशी–ब्याण्णव, त्र्याऐंशी–त्र्याण्णव, चौऱ्याऐंशी–चौऱ्याण्णव अशा आठ जोड्या लावून पाहाव्यात. पूर्वपद दोन्हीकडे तेच असते, केवळ उत्तरपद बदलते. ‘त्र्याहत्तर’पासून पुढची बहुतेक नावेही ह्याच साच्यातील आहेत. खरी अनियमितता खालच्या दशकांत आहे. ‘सहा’ ह्या एकाच अंकाची रूपे पाहा : सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट. ह्यांतील ‘सोळा’, ‘सव्वीस’ वा ‘छत्तीस’ ह्यांमध्ये मुलाला ‘सहा’ ऐकू येणे कठीण आहे, आणि ‘छत्तीस’मध्ये त्याला भिववील असे एकच साधे जोडाक्षर आहे.

वरच्या दशकांतील ही नियमितता आयती आलेली नाही. संस्कृतात ‘द्वि’चा ‘द्वा’ होतो (द्वाविंशति, द्वात्रिंशत्), पण अशीतीपूर्वी होत नाही, तेथे ‘द्व्यशीति’ असे रूप राहते. पाणिनीने हा अपवाद नोंदविला आहे. हिंदीत त्याचा माग अद्याप दिसतो : ‘बयासी’, परंतु ‘बानवे’. मराठीने मात्र ‘ब्याऐंशी’च्या सादृश्याने ‘ब्याण्णव’ केले. म्हणजे बोलणाऱ्यांच्या तोंडी भाषेने स्वतःच एक सुधारणा घडवून आणली होती. पाठ्यपुस्तकाला ह्या सुधारणेचा लाभ घेता आला असता. ऐंशी व नव्वद ह्या दोन दशकांचे पाढ्यासारखे एकत्र पाठांतर घेतले असते, तर सोळा शब्दांचे ओझे आठांवर आले असते.

तिसरा मुद्दा तुलनेचा आहे, आणि तुलना पुरती केली पाहिजे. कन्नडमध्ये दशक आधी येते हे खरे. पण ‘इप्पत्तु’ आणि ‘ओंदु’ हे दोन शब्द तेथे सुटे राहत नाहीत, संधी होऊन ‘इप्पत्तोंदु’ हा एक शब्द बनतो. मराठीतही शंभराच्या पुढे ‘एकशे एक’ म्हणताना ‘शे’ हे रूप पुढे काही जोडावयाचे आहे असे सुचविते. ‘वीस एक’मध्ये असा कोणताच सांधा नाही. आणि मराठीत दोन संख्या सांध्यावाचून शेजारी ठेवल्या, की त्यांना पूर्वीपासून वेगळाच अर्थ आहे. ‘दहा बारा’ म्हणजे बावीस नव्हे. ‘वीस पंचवीस’ म्हणजे पंचेचाळीस नव्हे. ‘समारंभाला वीसएक माणसे होती’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा एकवीस पाने मांडीत नाही, सुमारे वीस असे समजतो. ज्या रचनेला मराठी व्याकरणाने अंदाजाचा अर्थ दिला आहे, तीच रचना गणितात अचूकपणासाठी योजली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या सुधारणेतील मुख्य दोष हाच होय. ‘वीस आणि एक’ असे म्हटले असते, तर तो बहुतांशी टळला असता.

विरोधकांच्या भूमिकेतही सारेच ग्राह्य नाही. संख्यानामे बदलली की मराठी बुडेल, हे म्हणणे भाषेच्या इतिहासाला धरून नाही. ‘द्वापञ्चाशत्’चे ‘बावन्न’ झाले तेव्हा भाषा बुडाली नाही. नॉर्वेत १ जुलै १९५१ पासून शासनाने दशक-आधी वाचन अधिकृत केले. टेलिफोनचे क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. नवी पद्धत शाळांत व कार्यालयांत रुजली, जुनी बोलण्यातून गेली नाही, आणि भाषा दोन्ही घेऊन चालली आहे. ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. असा बदल अशक्य नाही. परंतु शासननिर्णयाने घरची भाषा बदलत नाही, आणि मुलाला अखेर दोन्ही पद्धती शिकाव्या लागतात. तेव्हा सोपेपणासाठी केलेली सुधारणा ओझे वाढवीत नाही ना, हे पाहावे लागते.

मग ह्या पुस्तकाने काय करावयास हवे होते? एकवीस ते नव्व्याण्णव ह्यांत पूर्ण दशके वगळता बहात्तर संख्या आहेत. त्या सर्वांना एकच औषध देण्यात आले. वस्तुतः त्यांच्या अडचणी निरनिराळ्या आहेत. सर्वांत कठीण गट एकोणतीस ते एकोणनव्वद ह्या सात नावांचा आहे. ‘एकोणसाठ’ ऐकताना कानावर ‘एक’ पडतो, ‘साठ’ही पडतो, आणि लिहावयाचे असतात पाच व नऊ. हे नाव बेरजेचे नसून वजाबाकीचे आहे. ‘ऊन’ म्हणजे उणे, एकाने उणे साठ. हाच ‘ऊन’ ‘पाऊण’मध्ये आहे, पावाने उणा एक. ‘पावणेदोन वाजले’ हे मूल घरी रोज ऐकते. त्याच्या कानात असलेल्या ह्या किल्लीने ‘एकोण’चे कुलूप उघडता येते आणि त्याच धड्यात वजाबाकीची कल्पनाही रुजविता येते. सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणणाऱ्या पिढ्यांना भाषा आणि गणित ह्यांचा हा सांधा अवगत होता. सुधारित पुस्तकात ‘पन्नास नऊ’ आले, आणि ही संधी मात्र हुकली.

तात्पर्य, ‘पन्नास तीन’ हे संख्येचे विवरण आहे, नाव नव्हे. विवरण म्हणून त्याचे स्थान पक्के आहे : ‘पन्नास आणि तीन म्हणजे त्रेपन्न’ ह्या वाक्यात अंकाची स्थानिक किंमत आणि मराठी शब्द दोन्ही सुरक्षित राहतात. विवरणाला नावाच्या जागी बसविले की दुकानदाराचे ‘त्रेपन्न रुपये’ मुलाला परके होते. इंग्रजी माध्यमातील पुष्कळ मराठी मुलांना ‘एकोणसत्तर’ आज कळत नाही. मराठी माध्यमातील मुलेही त्याच वाटेने गेली, तर आजीचे वय, जमिनीचा गट क्रमांक आणि बाजारातला भाव ह्या गोष्टी त्यांना मराठीत ऐकून समजणार नाहीत.

हा निर्णय मतांच्या बळावर होऊ नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे एक आटोपशीर व उपयुक्त संशोधनविषय आहे. दुसरीच्या मुलांना ह्या बहात्तर संख्या ऐकवून अंकांत लिहून घ्याव्यात, आणि चुकांची तीन गटांत वर्गवारी करावी : अंकांची उलटापालट, ‘एकोण’मुळे झालेली चूक आणि पूर्वपद न ओळखल्यामुळे झालेली चूक. वरच्या दशकांत चुका कमी आणि ‘एकोण’च्या सात नावांत अधिक आढळल्या, तर येथे मांडलेले मत टिकेल. तसे न आढळल्यास ते सोडून द्यावे लागेल. पाठ्यपुस्तकाची पुढील सुधारणा करणाऱ्यांपुढे अशी कोष्टके असावीत. ती तयार करणे हे आपल्यासारख्या विभागांचे काम आहे.