खालच्या पायरीचा श्रोता

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला की आपले टीकाकार बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. फादर स्टीफन्सने केलेली मराठी भाषेची स्तुती ते उद्धृत करतात, इंग्लंडात जन्मलेल्या एका जेझुइटाने ओवीवर इतके प्रेम करावे याचे कौतुक करतात आणि पुढील प्रकरणाकडे वळतात. कौतुक अस्थानी नाही. तथापि त्या कौतुकाच्या भरात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे. हे पुराण सांगितले कोणाला?

हा प्रश्न मला सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर काशीत मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर. बदलीच्या गावी मराठी माणूस आपल्या ओळखीची नावे शोधीत फिरतो, हा अनुभव या मासिकाच्या वाचकांना नवा नाही. मुन्शी घाट हा नागपूरचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा, आणि त्याला लागूनच अहल्याबाईंचा घाट. तेव्हा संध्याकाळी पाय तिकडेच वळतात. वरच्या पायऱ्यांवर कथा, प्रवचन, शास्त्रार्थ. अगदी खाली, पाण्याला टेकून, निषादांच्या नावा. आता पुष्कळ नावांना इंजिने बसली आहेत, पण नावाड्यांची कथा जुनीच आहे. रामाला गंगापार नेणारा केवट आपला पूर्वज, असे ते अभिमानाने सांगतात. पाय धुतल्यावाचून नावेत घेणार नाही म्हणून हटून बसणारा आणि पार उतरल्यावर उतराई नाकारणारा हा केवट तुलसीदासांनी असा उभा केला आहे की नावाड्याला त्यात आपला आवाज ऐकू येतो.

कालक्रमाकडे पाहिले तर मौज वाटते. एकनाथांनी भागवतावरील आपली टीका 1573 साली याच काशीत पूर्ण केली. तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ 1574 साली आरंभिले. 1579 साली स्टीफन्स गोव्यास उतरला आणि 1616 साली राचोल येथे त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. तिघांचाही संकल्प एकच, लोकांच्या भाषेत देवाची कथा सांगावी. परंतु ‘लोक’ या शब्दाचा अर्थ तिघांच्या मनात सारखा होता, असे मला वाटत नाही.

ग्रंथाची प्रस्तावनाच पाहा. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण द्या. या मागणीतून ग्रंथ जन्मतो. तिच्यामागे साष्टीचा इतिहास आहे हे विसरून चालणार नाही. (गोव्याची साष्टी निराळी आणि मुंबईची निराळी, दोन्ही नावे सासष्ट गावांवरून आली असे सांगतात.) 1567 साली तेथील देवळे पाडली गेली होती, आणि 1583 साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले तेव्हा त्यांची प्रेते मिळविण्याचे काम स्टीफन्सच्याच वाट्याला आले. जे हिरावून घेतले गेले होते त्याच्या बदल्यात काही देणे त्याला भाग होते, आणि जे द्यावयाचे ते मागणाऱ्याच्या अभिरुचीप्रमाणे. म्हणून स्वर्गाचे ‘वैकुंठ’ झाले आणि मराठीच्या त्या विख्यात स्तुतीत रत्न, मोगरी, कस्तुरी, मयूर, कल्पतरू असा पुराणिकाच्या पोतडीतला सारा सरंजाम आला. समुद्राकाठी चाळीस वर्षे राहिलेल्या कवीच्या या स्तुतीत एकही होडी नाही, एकही जाळे नाही.

हा दोष म्हणून मी सांगत नाही. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला तो शिष्टाचार आहे, आणि स्टीफन्सने भाषा सर्वांना कळावी म्हणून गोव्यातील बोलीचे शब्द मिसळून ती सोपी केली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ज्या कथेचे निम्मे नायक मासेमारी करणारे आहेत, जिचा पहिला शिष्य पेत्र जाळी टाकून निघतो, ती कथा मराठीत येताना तिच्या अंगाचा माशाचा वास नाहीसा व्हावा हे अर्थपूर्ण आहे.

पेत्राचे स्वतंत्र पुराणही मराठीत आहे. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा याचा हा ओवीबद्ध ग्रंथ 1629 पासून गोव्यात छापला जाऊ लागला. एका कोळ्याचे चरित्र मराठी ओवीत! परंतु त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच सांगून टाकले आहे की पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या मुख्य भ्रमांचे खंडन हा ग्रंथाचा हेतू आहे. कोळ्याचे निमित्त, वाद पंडिताशी.

काशीतही तसेच घडले. येथे वाढलेला चित्पावन तरुण नीळकंठशास्त्री गोऱ्हे मिशनऱ्यांचे खंडन करावयास म्हणून गेला आणि विल्यम स्मिथ यांच्याशी दीर्घ वाद करून अखेर 1848 साली जौनपूर येथे ख्रिस्ती झाला. त्याचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ सहा दर्शनांशी झुंजतो. विद्वत्ता निःसंशय मोठी. पंडिता रमाबाईंवर तिचा प्रभाव पडला तो उगीच नव्हे. पण ही सारी झुंज घाटाच्या वरच्या पायरीवरची. खालच्या पायरीवर नाव बांधणाऱ्याला सांख्य आणि वेदान्त यांतला भेद मिटला काय, न मिटला काय!

मग मिशनऱ्यांना खालची पायरी दिसलीच नाही काय? दिसली, पण ती पुराणात उतरली नाही, पत्रांत उतरली. फ्रान्सिस झेवियर 1542 साली दक्षिणेच्या मोत्यांच्या किनाऱ्यावर परवर कोळ्यांत गेला. हे लोक त्यापूर्वीच, मोत्यांच्या धंद्यातील प्रतिस्पर्ध्यांपासून पोर्तुगीजांचे संरक्षण मिळावे म्हणून, सामुदायिक रीतीने ख्रिस्ती झाले होते. तत्त्वज्ञानाचा येथे प्रश्नच नव्हता, प्रश्न होड्यांचा आणि पोटाचा होता. झेवियर हातात घंटा घेऊन गावोगाव फिरे आणि कशाबशा पाठ केलेल्या तमिळ प्रार्थना मुलांकडून घोकून घेई. 1544 च्या जूनमध्ये बडगांच्या धाडीमुळे कन्याकुमारीकडील ख्रिस्ती कोळी समुद्रातल्या खडकांवर जाऊन बसले, अन्नपाण्यावाचून तडफडू लागले. मणप्पाडहून वीस होड्या धान्य घेऊन हा निघाला. वारा उलटा, आठ दिवस झगडून परत फिरावे लागले. मग जमिनीवरून गेला. सोबती मान्सिल्यास याला लिहिलेल्या पत्रांत हे सारे आहे, आणि कोळ्यांना छळणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांविषयीचा संतापही आहे. याच माणसाने 1546 साली पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले. दोन्ही गोष्टी एकाच हाताने लिहिल्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. तथापि वाङ्मय म्हणून पाहता, त्या घाईघाईच्या, अलंकारहीन पत्रांत कोळी जितका जिवंत आहे तितका अकरा हजार ओव्यांत नाही, हे माझे मत मी लपवीत नाही.

यावर कोणी म्हणेल, ख्रिस्तपुराण देवळांत मोठ्याने वाचले जाई, तेव्हा कोळ्यानेही ते ऐकले असेलच. खरे आहे. पण ऐकणे वेगळे आणि ज्याला उद्देशून बोलले जाते तो असणे वेगळे. कचेरीत दोन वरिष्ठांचे बोलणे ऐकत उभा राहणारा शिपाई हे जाणतो. मुंबईकडील कोळ्यांनी आपली कथा शेवटी स्वतःच रचून घेतली. वांद्र्याच्या डोंगरावरील माऊलीची मूर्ती समुद्रात सापडली, ती कोळ्याच्या जाळ्यात, असे ते सांगतात, आणि सप्टेंबरच्या जत्रेला ‘मोत माऊली’ म्हणून हिंदू कोळीही तितक्याच भक्तीने डोंगर चढतात. त्या आख्यायिकेत पंडित नाही, खंडन नाही. जाळे आहे. तिला अजून ओवीकार भेटलेला नाही.

परवा मुन्शी घाटावर एका वृद्ध नावाड्याला मी पेत्राची गोष्ट माझ्या मोडक्या हिंदीत सांगितली. त्याच्या गोष्टीत केवट प्रभूचे पाय धुतो, या गोष्टीत प्रभूच कोळ्याचे पाय धुतो, आणि कोळी संकोचाने नको नको म्हणतो. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबूजी, उतराई ली कि नहीं?” मी त्याला पेत्राच्या नाण्याची गोष्ट सांगितली: कर भरावयास पैसा नव्हता तेव्हा प्रभूने त्याला गळ टाकावयास सांगितले, आणि पहिल्या माशाच्या तोंडात निघालेल्या नाण्याने दोघांचाही कर भागला.

म्हाताऱ्याने हातातली दोरी खाली ठेवली आणि विचारले, “मछली कौन-सी थी?”