‘आता कसं दिसतं?’ : चष्म्याच्या नंबराची भाषा आणि देवनागरी तक्ता

डोळे तपासण्याच्या खोलीत सहा मीटर अंतरावर टांगलेला अक्षरांचा तक्ता हाही एक मजकूरच आहे आणि तपासणारा व रुग्ण यांच्यात तिथे घडतो तो संवादही भाषिक व्यवहारच असतो. तरीही भाषेच्या अभ्यासकांनी याकडे वैद्यकाचा प्रांत म्हणून आणि वैद्यकाने केवळ साधन म्हणून पाहिले आहे. भोकरदनसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा संवाद मराठीत घडतो. मात्र त्याची पद्धत दुसऱ्या भाषांत व दुसऱ्या लिपीवर घडलेली आहे. या दोहोंमधील विसंगतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दृष्टिदोष मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. रेटिनोस्कोपी किंवा संगणकीय यंत्राने डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशावरून केलेले मापन ‘वस्तुनिष्ठ’, तर भिंगे बदलत रुग्णाच्या उत्तरांवरून केलेले ‘व्यक्तिनिष्ठ’. आपल्या विद्यापीठीय परिभाषेत ‘व्यक्तिनिष्ठ’ हा शब्द सहसा उणेपणा दाखवण्यासाठी योजला जातो. त्यामुळे यंत्रातून निघालेली चिठ्ठी प्रमाण मानून सरळ चष्मा बनवून देण्याची प्रथा निमशहरी भागात सहज रुजली. शास्त्र नेमके उलट सांगते. यंत्राचा आकडा हा आरंभबिंदू असतो. चष्म्याचा अंतिम नंबर रुग्णाच्या साक्षीनेच ठरतो. मुलांच्या बाबतीत तर यंत्रात पाहताना डोळ्याचे समायोजन सैल न पडल्यास ऋण नंबर प्रत्यक्षाहून अधिक येतो, हे सर्वज्ञात आहे.

या साक्षीची परंपरा जुनी आहे. थॉमस यंग यांनी 1801 मध्ये स्वतःच्या डोळ्यातील अबिंदुकता (व्यवहारात जिला आपण ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतो) मोजली. पुढे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1825 मध्ये आपल्या डाव्या डोळ्याला प्रकाशाचा बिंदू रेषेसारखा कसा दिसतो याचे वर्णन करून दंडगोलीय भिंग बनवून घेतले. दोघांच्याही बाबतीत निरीक्षक आणि रुग्ण एकच होता. स्नेलेन यांच्या 1862 च्या तक्त्याने ही दोन माणसे वेगळी केली, आणि भाषेचा प्रश्न तेथून सुरू झाला.

आज रूढ असलेल्या क्रमात आधी धन भिंग जास्तीचे चढवून दृष्टी मुद्दाम अंधूक करतात, जेणेकरून समायोजन सैल पडावे. मग पाव डायॉप्टरने ते उतरवत नेतात. उत्तम दृष्टी देणारे सर्वाधिक धन किंवा सर्वांत कमी ऋण भिंग हा थांबण्याचा बिंदू. येथे तपासणाऱ्याचा शब्द निर्णायक ठरतो. ऋण भिंग गरजेपेक्षा वाढवले की अक्षरे किंचित लहान आणि काळीभोर दिसू लागतात. तरुण डोळा समायोजनाचा जोर लावून ती सहन करतो. अशा वेळी ‘आता ठळक दिसतं का?’ असे विचारले तर विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणेल, आणि त्याच्या माथी अर्धा-पाऊण डायॉप्टरचा नाहक भार व त्याबरोबर वाचतानाचा थकवा पडेल. ‘ठळक’ आणि ‘स्पष्ट’ हे शब्द बोलीत एकमेकांच्या जागी वापरले जातात, दृष्टिमापनात मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. ‘आणखी एखादं अक्षर वाचता येतं का?’ हा प्रश्न रुक्ष वाटला तरी अधिक खरा. कारण त्याचे उत्तर मत नसून कृती असते.

क्रॉस सिलिंडरच्या चाचणीत अडचण आणखी सूक्ष्म होते. समान शक्तीची धन व ऋण दंडगोलीय भिंगे काटकोनात एकत्र असलेले हे छोटे भिंग उलटून आधी अक्ष व नंतर शक्ती ठरवतात आणि दर वेळी विचारतात : ‘पहिलं बरं की दुसरं?’ या चाचणीत दोन्ही सारखेच अंधूक दिसणे हेच अपेक्षित उत्तर असते. पण आपल्या समाजात डॉक्टरने दोनांतून एक निवडायला सांगितले असता ‘दोन्ही सारखेच’ म्हणणे हा अवज्ञेचा किंवा अडाणीपणाचा भाग वाटतो. वयस्कर शेतकरी ‘दिसतंय की, बरं दिसतंय’ असे म्हणतो, किंवा ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच बघा’ म्हणून निर्णय परत सोपवतो. हा संकोच अज्ञानातून येत नाही. तो आदराच्या व्याकरणातून येतो. ‘सारखं वाटलं तर सारखं सांगा, तेच उत्तर हवं आहे’ हे एक वाक्य आधी उच्चारले तर बरेच काही सुधारते. परंतु गर्दीच्या शिबिरात तेवढी सवड कोणी काढत नाही.

आता तक्त्याकडे वळू. स्नेलेनच्या तत्त्वानुसार अक्षर पाच कला व त्याची रेघ एक कला कोन साधते. 6/6 च्या ओळीतील अक्षर सुमारे 8.7 मिलिमीटर उंच असते. रोमन अक्षरे पाच गुणिले पाचच्या चौकटीत बसवणे तुलनेने सोपे गेले. तरीही 1959 मध्ये लुईझ स्लोन यांना सव्वीसांपैकी दहाच अक्षरे योग्य वाटली. देवनागरीत बहुतेक अक्षरांना शिरोरेषा व अनेकांना उभा दंड असतो, म्हणजे निम्मे अक्षर ओळखीचेच असते आणि भेद दाखवणारा भाग फार लहान उरतो. ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक एका तिरक्या रेघेचा. ‘प’ आणि ‘ष’ यांचेही तेच. ‘भ’ व ‘म’, ‘ध’ व ‘घ’ यांच्यात मुख्य आधार शिरोरेषेतील खंडाचा. ‘ठ’ आणि ‘ज्ञ’ एकाच ओळीत एकाच मापाने छापले तर त्या ओळीचे माप एक राहत नाही. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे मराठी वाचकाला क्षणभर थबकवतात; मराठी वळणांना राज्य शासनाने 2009 मध्ये अधिकृत मान्यता दिली आहे. हा थबकणारा क्षण तपासणारा दृष्टिदोष समजू शकतो.

शिरोरेषेचा मुद्दा केवळ लिपिशास्त्रीय नाही. वाढत्या वयात पारपटलाची उभ्या दिशेतील वक्रता तुलनेने कमी होत जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वरच्या बाजूने छेद घेऊन केली असता हाच परिणाम अधिक दिसतो. अशा डोळ्यात निकटदृष्टीची अबिंदुकता असेल तर आडव्या रेषा रेखीव राहतात, पण प्रतिमा डावी-उजवीकडे पसरते. परिणामी शिरोरेषा छान दिसते आणि तिच्यातला खंड मात्र भरून जातो. ‘भ’ चा ‘म’ होतो. रुग्ण धडाधड वाचतो, चुकतो, आणि ‘आजोबांना अक्षरओळख कमी आहे’ असा शेरा पडतो. वास्तविक त्या चुकीतच त्याच्या नंबराचा अक्ष दडलेला असतो. निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेल्या पिढीच्या वाट्याला हा शेरा किती वेळा आला असेल, हा वेगळा विषय आहे.

निरक्षरांसाठी व लहान मुलांसाठी वापरला जाणारा फिरत्या ‘ई’ चा तक्ता याबाबत अधिक न्याय्य आहे, पण त्याचेही वाचन अर्धवट होते. उजवी-डावीकडे तोंड असलेल्या ‘ई’ मध्ये तीन आडव्या रेघा असतात, वर-खाली तोंड असलेल्यात तीन उभ्या. मुलगी वर-खाली बिनचूक दाखवते आणि उजवे-डावे सतत चुकते, तर तिच्या डोळ्यात आडव्या रेघा वर-खाली पसरत आहेत, म्हणजे गोलीय नव्हे तर दंडगोलीय दोष संभवतो. 1976 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय तपासणी समाविष्ट झाली आणि तक्ता शिक्षकांच्या हाती आला. शिक्षक कोणती ओळ वाचली एवढेच नोंदवतात. कोणत्या दिशा चुकल्या ही नोंद होत नाही. ती झाली, तर पुढे जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवलेल्या मुलीसोबत तिच्या डोळ्याचे अर्धे निदान आधीच कागदावर पोहोचेल, आणि त्यासाठी नोंदपत्रकात चार छोटे चौकोन पुरेसे आहेत.